त्यानं दाखवलं, आम्ही बघितलं

"थांबा, थांबा. जरा मागं घ्या," सरनोबत साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

निनादनं मागं घेतलं. कॉन्फरन्स रूमच्या भिंतीवर तोच तक्ता पुन्हा उभा राहिला. वर डाव्या कोपऱ्यात फर्मचं नाव होतं, नेर्लेकर कन्सल्टंट्स. त्याखाली कामाचं नाव. ते काम आम्हाला तोंडपाठ होतं, कारण त्याच कामाची निविदा आम्हीही त्याच आठवड्यात भरत होतो. गडहिंग्लजजवळ एका ट्रस्टचं हॉस्पिटल होणार होतं. डिझाइन, ड्रॉइंग, साइटवरची देखरेख, प्रत्येक कामापुढं कोण इंजिनिअर, किती तास, काय दर, सगळं मांडलेलं. आणि तळाशी जाड अक्षरात नेर्लेकर मागणार होते ती फी.

"तुमच्याच कोल्हापुरातली फर्म आहे सर, म्हणून मुद्दाम हाच नमुना उघडला," निनाद म्हणाला. "म्हणजे तुम्हाला लगेच कल्पना येईल."

निनाद पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचा विक्रीचा माणूस. तरतरीत, गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट. त्याच्या चेहऱ्यावर चूक झाल्याचा भाव नव्हता. त्यानं ते चुकून उघडलंच नव्हतं.

मी साहेबांकडे बघत होते. आता हे भडकणार, असं मला खात्रीनं वाटत होतं. उदयसिंह सरनोबतांच्या फर्ममध्ये मी बरीच वर्षं इंजिनिअर होते, शेवटची काही वर्षं सगळ्या प्रोजेक्टची व्यवस्था माझ्याकडे होती. न विचारता एका ड्रॉइंगची झेरॉक्स बाहेर दिली म्हणून त्यांनी एका माणसाला दुसऱ्या दिवशी घरी बसवलेलं मी पाहिलं होतं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"चौगुले, तुम्ही पण लिहून घ्या हो. आणि निनादराव, जरा खाली सरकवा. देखरेखीला किती तास धरलेत त्यांनी?"

चौगुले आमचे सगळ्यात जुने इंजिनिअर. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून लिहायला घेतलं. निनादनं खाली सरकवलं.

मी उठले, भिंतीपाशी गेले आणि प्रोजेक्टरची वायर उपसली.

"लाईट गेली काय?" साहेब म्हणाले.

"नाही साहेब. मी काढली."

खोलीत पंखा चालू होता, त्यामुळं लाईट गेलेली नाही हे सगळ्यांना दिसतच होतं. साहेबांनी चष्मा काढला. निनाद हसला. अवघडून नव्हे, समजूतदारपणे हसला, एखाद्या घरात सासू-सुनेचं वाजलं की पाहुणा हसतो तसा.

"मॅडमना बहुतेक दुसरं काही बघायचं असेल," तो म्हणाला.

"चहा घ्या तुम्ही निनादराव," साहेब म्हणाले. "हेमांगी, केबिनमध्ये ये."

हे सॉफ्टवेअरचं प्रकरण माझ्याच गळ्यात होतं. आमच्या ऑफिसात एका वेळी वीस-पंचवीस कामं चालायची आणि कुणाच्या हातात काय आहे ते एका पांढऱ्या फळ्यावर लिहिलेलं असायचं. कुणाची तरी बाही लागून अर्धा फळा पुसला जायचा. एकदा तर एकाच इमारतीच्या पायाचं डिझाइन दोघांनी दोन वेगळ्या टेबलांवर केलं आणि वरच्या टाकीचं कुणीच केलं नाही. त्यानंतर साहेब म्हणाले, "एखादं चांगलं सॉफ्टवेअर बघ. तूच ठरव."

मी मनापासून बघितलं. बहुतेक कंपन्या कारखान्यांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर आमच्या माथी मारायला बघायच्या. एकानं मला गोडाऊनमध्ये माल किती शिल्लक आहे ते कसं कळतं, हे तासभर दाखवलं. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे माल नाही, आमच्याकडे माणसांचा वेळ आहे, तोच आम्ही विकतो. तो गोंधळून म्हणाला, मग वेळेला माल समजा. निनादच्या कंपनीलाच फक्त आमचं काम कळलं होतं. कोणता इंजिनिअर कोणत्या कामात किती गुंतलाय, काम कुठं अडलंय, फी पुरेल की नाही, सगळं त्यात दिसायचं. मला ते आवडलं होतं, हे खरंच आहे.

महिनाभर वापरून बघा, म्हणून त्यानं ते आम्हाला दिलं होतं. मी खोटी नावं घालून बघणार होते. निनाद म्हणाला, "खोट्या नावांवर काय कळणार मॅडम? खरी कामं घाला." साहेबही म्हणाले, "घाल की. लपवायचं काय आहे त्यात?" म्हणून आमची चालू कामं, आणि हॉस्पिटलच्या निविदेचे तास-दरही, त्यात भरले गेले होते. ज्या दिवशी पडद्यावर नेर्लेकरांचा तक्ता आला, त्या दिवशी निनाद खरं तर सौदा पक्का करायला आला होता.

केबिनमध्ये साहेबांनी दार लावून घेतलं.

"काय चाललंय तुझं? परक्या माणसासमोर?"

"साहेब, तो दुसऱ्याची निविदा दाखवत होता."

"दाखवली त्यानं. आम्ही बघितली. चोरी केली काय आपण? कुणाचं कुलूप फोडलं?"

"नेर्लेकर सरांना माहीत आहे का, तो हे दाखवत फिरतो ते?"

"ते त्यांनी बघावं." साहेबांनी कागद पुढं ओढला. आकडे त्यांच्या लक्षात राहिले होते. "हे बघ. नेर्लेकर आपल्यापेक्षा खाली आलेत. कसे आले? देखरेखीचे तास तोडलेत. रोजचा साइट इंजिनिअर ठेवलाच नाही, आठवड्याला एक फेरी. आपण रोजचा माणूस धरून बसलोय. आपण पण आठवड्यावर येऊ आणि वर थोडी फी अजून सोडू. काम आपलं."

"हॉस्पिटल आहे साहेब. रोज माणूस नको?"

"कॉन्ट्रॅक्टर आहे की. तो काय झोपा काढणार आहे?"

"त्याच्यावर लक्ष ठेवायलाच तर आपल्याला पैसे देतात."

"हेमांगी," ते सावकाश म्हणाले, "निविदा तू करतीयस. आज बदलून दे."

"मी नाही करणार."

"मग चौगुले करतील. पण प्रोजेक्ट इंचार्ज म्हणून तुझं नाव राहील. ट्रस्टला अनुभव लागतो तेवढा."

"माझं नाव काढा त्यातून."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा राग मला माहीत होता, पण तो राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, मी कशावर अडून बसलेय ते. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला न जाता मी नेर्लेकर सरांकडे गेले. सर म्हणजे माझे इंजिनिअरिंग कॉलेजचे गुरू. नोकरी सोडून त्यांनी फर्म काढली त्याला बरीच वर्षं झाली होती, पण आम्हा विद्यार्थ्यांच्या तोंडी ते सरच राहिले. सर्व्हेच्या तासाला एका गटानं दुसऱ्या गटाची रीडिंग उतरवली होती, तेव्हा सरांनी दोन्ही गटांना एप्रिलच्या उन्हात पुन्हा पूर्ण मैदान मोजायला लावलं होतं. घेणाऱ्यांना आणि देणाऱ्यांनाही. मी देणाऱ्यांत होते. तेव्हा रडले होते, पण पुढं नोकरीत कुणी आकड्यांशी खेळायला लागलं की मला ते मैदान आठवायचं. आपला आकडा चोरीला गेलाय हे त्यांना कळायलाच हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सर अंगणात वर्तमानपत्र वाचत बसले होते. "अरे, मगदूम! ये ये," कॉलेजात मारायचे तशीच माझ्या आडनावानं हाक मारून ते म्हणाले. मी बसले आणि घडलं ते सगळं सांगितलं. निनादनं काय उघडलं, आमच्या साहेबांनी काय लिहून घेतलं, मी वायर काढली ते, निविदा बदलायला नकार दिला ते. सरांनी मला मध्ये एकदाही थांबवलं नाही.

मी थांबल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"तुमच्यात रोजचा साइट इंजिनिअर धरला होता ना?" ते म्हणाले. "आणि दर महिन्याला ड्रॉइंगची तपासणी वेगळी?"

मी हो म्हणणार होते. मग माझ्या लक्षात आलं, की हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"सर, तुम्हाला कसं माहीत?"

ते फाटकाकडे बघत होते.

"आम्हीही तेच सॉफ्टवेअर वापरतोय. तुमचं ट्रायल सुरू झालं त्याच्या पुढच्याच आठवड्यात तो इकडे आला होता. म्हणाला, सर, तुमच्याच गावची फर्म आहे, नमुना म्हणून दाखवतो."

"आणि तुम्ही बघितलंत?"

"समोर उघडल्यावर दिसतंच, मगदूम."

"तुमचा आकडा आधीपासून एवढाच होता का?"

आतून त्यांच्या सुनेनं विचारलं, चहा किती कप टाकू? सरांनी हातानंच तिला थांब म्हणून सांगितलं.

"आमचाही रोजचा माणूस होता," अखेर ते म्हणाले. "तुमची फी बघितल्यावर काढला. काढावा लागला. मला पंचवीस माणसं पोसायची असतात. सरनोबतांसारखी माझी घरची इस्टेट नाही."

म्हणजे आमचा आकडा बघून यांनी आपला तोडला होता, आणि यांचा तोडलेला आकडा बघून आता आम्ही आमचा तोडत होतो. त्या हॉस्पिटलच्या साइटवर रोज उभा राहणारा माणूस दोन्हीकडून गेला होता. कुणी त्याला नको म्हटलं नव्हतं. प्रत्येकानं दुसऱ्याच्या पानात डोकावलं होतं, बस्स.

"सर, तुम्ही आम्हाला उन्हात मैदान मोजायला लावलं होतं."

"ते कॉलेज होतं."

"मला ते कॉलेज वाटलं नव्हतं सर."

"बस जरा. चिडू नकोस. चहा घे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात माया होती, आणि त्या मायेचाच मला संताप आला. मी चपला घातल्या आणि निघाले. मागून त्यांनी हाक मारली होती. मी वळले नाही. त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही, आणि ते गेले तेव्हाही मी गेले नाही. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

तिथून मी सरळ सरनोबतांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, निनादनं आपली निविदा नेर्लेकरांना दाखवलीय. आपल्या आधी. त्यावरनंच त्यांनी फी कमी केली."

साहेब खुर्चीतून उठलेच.

"काय? आपली?"

"हो. तासांसकट."

"हलकट!" ते ओरडले. बाहेर टेबलांवरच्या माना वर झाल्या. "आणि हा नेर्लेकर! मास्तर म्हणवतो स्वतःला! दुसऱ्याचे कागद बघतो? लाज नाही वाटत? पोलिसात देतो दोघांना. विश्वासानं माहिती दिली होती आम्ही! हेमांगी, तू लिही. तक्रार लिही. तुला नेर्लेकरांनी स्वतः सांगितलं ना? तू साक्षीदार."

"लिहिते," मी म्हणाले. "आपणही त्यांची बघितली, तेही लिहिते."

ते थांबले. तोंड उघडंच होतं.

"ते कशाला?"

"कारण ते झालं, साहेब."

"त्याचा इथं काय संबंध?" असं म्हणून त्यांनी टेबलावरचा फोन ओढला आणि निनादला लावला. मी समोर उभी होते. मला बाहेर जा म्हणाले नाहीत. माझ्यासमोर त्याची हजामत करायची असावी.

सुरुवात जोरात झाली. "तुमच्या कंपनीला कोर्टात खेचीन," "कोल्हापुरात पाय ठेवू देणार नाही," वगैरे. पलीकडून निनाद काहीतरी बोलत राहिला. साहेब मध्ये मध्ये "ते काय सांगू नका" म्हणत होते. मग "ते काय सांगू नका" बंद झालं. मग ते खुर्चीत बसले. मग "हं" आलं. थोड्या वेळानं आणखी एक "हं". आणि मग मी माझ्या कानांनी ऐकलं:

"बरं, मग आम्हाला किंमत किती कमी करताय?"

पलीकडून उत्तर आलं असणार, कारण साहेब हसले. "तेवढ्यात नाही जमायचं निनादराव. एवढं झाल्यावर निम्मी तरी करा. आणि नेर्लेकरांचं काही नवीन आलं तर..." इथं त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली.

सॉफ्टवेअर तेच घेतलं गेलं. शुक्रवारी निविदा गेली, इंचार्ज म्हणून चौगुल्यांचं नाव होतं. सोमवारी मी राजीनामा दिला. चौगुले जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण माझ्या दोन पोरी शिकताहेत." मी त्यांच्यावर रागावले नाही. राग पुरवून वापरायचा, असं ठरवलं होतं.

काम सरनोबतांनाच मिळालं. काही महिन्यांनी मला कळलं, की ट्रस्टला साइटवर स्वतःचा एक इंजिनिअर हवाय, कारण सल्लागाराचा माणूस फक्त शनिवारी येतो. मी अर्ज केला. ट्रस्टच्या प्रमुख डॉ. सुशीला नेसरीकर, सत्तरीच्या, ठेंगण्या, मोठ्यानं बोलणाऱ्या. गावातल्या निम्म्या माणसांचा जन्म त्यांच्या हातून झालेला. त्यांनी माझी कागदपत्रं बघितली.

"सरनोबतांकडं एवढी वर्षं होतात, मग सोडलं का? आणि इथं या पगारावर का येताय?"

मी सांगितलं. सगळं. त्या ऐकत राहिल्या.

"म्हणजे आम्ही जी निविदा स्वस्त समजलो, ती रोजचा माणूसच काढून स्वस्त केली होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि आता त्याच माणसाचा पगार मी वेगळा देणार."

"हो डॉक्टर."

त्यांनी एक शिवी दिली. स्वच्छ, गावरान, मी लिहू शकणार नाही अशी. मग म्हणाल्या, "करार झालाय, त्यांना काढता येत नाही. तुम्ही उद्यापासून या."

दोन पावसाळे मी त्या साइटवर होते. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब मंगळवारी होता. सकाळी पोचले तर मिक्सरवरचा माणूस बादलीनं जास्तीचं पाणी ओततोय, काँक्रीट पातळ, खीर झालेली. पाणी जास्त झालं की काँक्रीट पसरायला सोपं जातं आणि ताकदीला मार खातं. मी काम थांबवलं. कॉन्ट्रॅक्टरचा मुकादम अंगावर आला. "सल्लागार साहेबांनी कधी काही म्हटलं नाही, तुम्ही कोण?" मी म्हटलं, ते शनिवारी येतात, आज मंगळवार आहे. ओतलेलं सगळं काढायला लावलं. लोक बडबडत होते, ऊन चढत होतं, मी सळ्यांवरच उभी राहिले, कारण खाली उतरले असते तर त्यांनी पुन्हा ओतलं असतं. संध्याकाळी डॉक्टर आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जेवलात का?" मी नाही म्हटलं. त्यांनी गाडीतून केळी आणून दिली.

हॉस्पिटल उभं राहिलं. आजही उभं आहे, बाळं जन्मतात तिथं.

उद्घाटनाला मांडव घातला होता. सत्काराच्या यादीत सरनोबतांचं नाव होतं, 'संकल्पना, आराखडा आणि देखरेख' म्हणून. ते करारात तसंच होतं, त्यामुळं डॉक्टरांनाही काही करता आलं नाही. साहेब फेटा बांधून आले होते. मला बघून ते स्वतःहून माझ्याकडे आले, जुनं काही झालंच नाही असे.

"काय हेमांगी, बरी आहेस? छान झालं की गं काम. एक तडा नाही कुठं."

"साहेब, तुम्ही देखरेखीचा सत्कार घेणार आहात?"

"का? फी घेतलीय आम्ही देखरेखीची."

"स्लॅब ओतले तेव्हा तुमचा एकही माणूस इथं नव्हता. एकाही स्लॅबला."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीचाच तो प्रांजळ, गोंधळलेला भाव होता.

"अगं, तू होतीस की," ते म्हणाले.

माइकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. मी त्यांचा हात खांद्यावरून उचलून बाजूला केला. ते हसत स्टेजच्या पायऱ्या चढले, आणि मांडवात टाळ्या सुरू झाल्या.